जखम भरली, टाके निघाले, पण हात अजून जळतोय: या दुखण्याला सरकारी दवाखान्यात दार कुठे आहे?

पोस्ट मोठी आहे. पण भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव या पट्ट्यात ज्याच्या घरातलं कुणी मशीनवर काम करतं, किंवा ज्याच्या आईचं-मावशीचं मनगट बाथरूममध्ये घसरून मोडलंय, त्याने शेवटपर्यंत वाचावी.

मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. हाताची जखम भरून आल्यावरही महिनोन् महिने राहणारं दुखणं हा खरा आजार आहे. त्यावर नस बधिर करणारी इंजेक्शनं, ज्याला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात, हा एक उपयोगी उपाय आहे. त्यासाठी लागणारी औषधं स्वस्त आहेत आणि ऑपरेशन थिएटरच्या कपाटात रोज वापरात असतात. तरीही मी ज्या कामगारांसोबत फिरतो त्यांच्यापर्यंत हा उपाय बहुतेक वेळा पोचत नाही, पोचला तर फार उशिरा. अडचण औषधाची नाही. दुखणं विचारायची, लिहून ठेवायची आणि त्यासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवायची पद्धत नाही, ही अडचण आहे.

मी डॉक्टर नाही. अपघात झालेल्या कामगारांसोबत दवाखाना, ईएसआय ऑफिस आणि मेडिकल बोर्ड अशा फेऱ्या मारणारा साधा कार्यकर्ता आहे. भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींच्या डोक्याशी बसून जे समजून घेतलं, ते माझ्या भाषेत मांडतोय.

हे दुखणं नेमकं काय असतं?

बोट चेंगरलं की नस मेंदूला निरोप देते, दुखतं. जखम भरली की निरोप थांबतो. हे झालं नेहमीचं. पण काही जणांत जखम भरते आणि निरोप थांबतच नाही. उलट वाढतो. हाताची आग होते, ठणकतो, सणक खांद्यापर्यंत जाते. पंख्याचा वारा किंवा शर्टाची बाही लागली तरी माणूस कळवळतो. हात कधी लालबुंद आणि गरम, कधी निळसर आणि गार. घाम वेगळाच येतो, सूज उतरत नाही, नखं आणि केस वेगळे वाढायला लागतात. बोटं आखडतात.

याला आज 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम' म्हणतात, सीआरपीएस. हे नाव १९९४ पासूनचं. आजार जुनाच आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात वायर मिशेल नावाच्या डॉक्टरने गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार केले आणि १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जखमा भरलेले ते सैनिक आग शमवण्यासाठी हात सतत ओल्या फडक्यात ठेवायचे, पाण्याची बाटली सोबत बाळगायचे. म्हणजे 'जखम तर बरी झाली, आता कसलं दुखतंय' हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. आपल्याकडे सुपरवायझर आजही तोच विचारतो.

दुसरा प्रकार म्हणजे कापलेल्या नसेच्या टोकाला बनणारी गाठ, न्यूरोमा. बोटाचं पेर गेलेल्या कामगारांत तो दिसतो. थुटावर एका ठरावीक जागी टिचकी मारली की करंट बसल्यासारखा झटका येतो. तिसरा प्रकार टू-व्हीलरवरून पडून मानेपासून हातात येणाऱ्या नसांचा जुडगाच ओढला जातो त्याचा. हात लुळा पडतो आणि लुळ्या हातातच भयंकर वेदना असतात.

यात फक्त कारखान्यातले पुरुष आहेत असं समजू नका. सीआरपीएस पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि मनगटाचं फ्रॅक्चर हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे. प्लास्टर निघाल्यावर 'हात धरवत नाही, भाकरी थापता येत नाही' म्हणणाऱ्या बाईला घरात काय ऐकावं लागतं, ते वेगळं सांगायला नको.

ब्लॉक म्हणजे काय करतात?

दात काढताना हिरडीत इंजेक्शन देतात ना, त्याच कुळातली औषधं. लिग्नोकेन, ब्युपिव्हॅकेन. नसेतून निरोप पुढे सरकायला सोडियमची दारं उघडावी लागतात, ही औषधं ती दारं काही तास बंद करतात. दोन्ही औषधं सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. म्हणजे त्यांच्या किमतीवर नियंत्रण आहे आणि सरकारी रुग्णालयात ती असणं अपेक्षित आहे.

इंजेक्शन कुठे द्यायचं ते दुखण्यावर ठरतं. गाठीचं दुखणं असेल तर गाठीपाशी थोडंसं. त्याने आराम पडला तर दुखणं तिथलंच आहे हे कळतं, आणि पुढे ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवता येतं. पूर्ण हात बधिर करायचा असेल तर मानेत, गळपट्टीच्या हाडापाशी किंवा काखेत, जिथून हाताच्या नसा जातात तिथे. आणि सीआरपीएससाठी मानेत पुढच्या बाजूला 'स्टेलेट गँग्लिऑन' नावाचा नसांचा पुंजका आहे, त्याच्याभोवती. घाम आणि रक्तवाहिन्यांचं आकुंचन सांभाळणाऱ्या नसा तिथून हाताकडे जातात. इंजेक्शन लागू पडलं की हात गरम होतो. त्याच बाजूची पापणी खाली येते, डोळा लाल होतो, नाक चोंदतं. पेशंट आणि नातेवाईक घाबरतात, 'लकवा मारला' म्हणतात. लकवा नाही. इंजेक्शन योग्य जागी गेल्याची ती खूण आहे, काही तासांत उतरते. हे आधी दोन मिनिटं समजावून सांगितलं तर अर्धी भीती जाते.

आता कुणी म्हणेल, काही तासांच्या बधिरपणाने महिन्यांचं दुखणं कसं जाईल? बरोबर प्रश्न आहे, आणि इथे प्रामाणिकपणे बोललं पाहिजे.

ब्लॉक हा चमत्कार नाही

२०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने या इंजेक्शनांवरचे सगळे चांगले अभ्यास गोळा करून तपासले. जगभरातून मिळाले फक्त बारा, त्यात पाचशेसुद्धा रुग्ण नाहीत. निष्कर्ष असा की पुरावा तोकडा आणि कमी दर्जाचा आहे, ठाम काही सांगता येत नाही. ग्वानेथिडीन नावाचं औषध हाताला पट्टा बांधून शिरेतून द्यायची एक पद्धत होती, ती तर निरुपयोगीच ठरली. १९९८ चा सात रुग्णांचा एक छोटा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. त्यात एकदा औषध टोचलं, एकदा नुसतं मिठाचं पाणी. सुरुवातीचा आराम दोन्हींनी जवळपास सारखाच पडला! फरक पुढे दिसला. पाण्याचा आराम दिवसभरात ओसरला, औषधाचा सरासरी तीन दिवसांच्या वर टिकला.

या तीन दिवसांचं महत्त्व समजून घ्या. दुखतं म्हणून माणूस हात हलवत नाही. हलवत नाही म्हणून सांधे आखडतात, सूज राहते, मेंदू त्या हाताला विसरायला लागतो. मग हलवलं की आणखी दुखतं. हे चक्र तोडायला दुखण्यात थोडी उसंत लागते. ब्लॉक ती उसंत देतो. त्या वेळात फिजिओथेरपिस्टने बोटं वळवून घ्यायची, टॉवेल, कापूस, तांदूळ अशा वेगवेगळ्या स्पर्शांची सवय लावायची. आरशाचा व्यायाम करून घ्यायचा, म्हणजे चांगला हात आरशात बघत हलवायचा आणि मेंदूला दुखरा हातही हलतोय असं भासवायचं. आरशाची ही युक्ती आपल्या तमिळनाडूत जन्मलेल्या डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तुटलेल्या हातांच्या वेदनेसाठी शोधली. खर्च एका आरशाचा.

म्हणून इंजेक्शन सोमवारी एका इमारतीत आणि फिजिओथेरपीची तारीख तीन आठवड्यांनी दुसऱ्या इमारतीत, असं झालं की इंजेक्शन वाया गेलं. खाजगीतही हेच चालतं. 'सहा इंजेक्शनांचं पॅकेज, शंभर टक्के गॅरंटी' अशा जाहिराती मोबाईलवर फिरतात. गॅरंटी देणाऱ्यापासून लांब राहा. पहिल्या एक-दोन इंजेक्शनांनी काहीच फरक नसेल तर तिसरं कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि व्यायामाचं नावही न काढता नुसतं टोचत असतील, तर पैसे जपून ठेवा.

धोकेही आहेत. मान ही नाजूक जागा. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो. आवाज काही काळ बसू शकतो, फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून हे काम सोनोग्राफीत बघत, मॉनिटर लावून, तातडीची औषधं हाताशी ठेवून, प्रशिक्षित भूलतज्ज्ञानेच करायचं. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये खुर्चीत बसवून नाही.

आमच्या भागात काय घडतं

नाव सांगत नाही. लातूरकडचा पोरगा, वय सव्वीस, कंत्राटावर प्रेस मशीनवर. दोन बोटं चेंगरली. एका रुग्णालयात टाके घातले, पंधरा दिवसांत काढले, कागदावर 'जखम बरी' असा शेरा. पोरगा म्हणतो कोपरापर्यंत आग होते, झोप नाही. प्रत्येक वेळी तीच वेदनाशामक गोळी. पुढे पुढे तो मेडिकलमधून स्वतःच आणायला लागला, रोज दोन-तीन, रिकाम्या पोटी. (या गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर पोट आणि किडनी दोन्ही जातात, हे ध्यानात ठेवा. नसेच्या दुखण्याला त्या फारशा लागूही पडत नाहीत. त्यासाठी गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं आहेत, पण ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच, आणि मनाने अचानक बंद करायची नाहीत.) गावाकडे गेला तेव्हा हाडवैद्याने पाला लावून हात आवळून बांधला, पंधरा दिवस. बोटं आणखी आखडली.

ठेकेदाराचं एकच वाक्य: नाटक करतोय. अपघाताला सात महिने झाले तेव्हा कुणीतरी त्याला भूलतज्ज्ञांकडे पाठवलं. बाईंनी दोन्ही हात शेजारी ठेवून बघितले, तापमानातला फरक, नखं, सूज, सगळं लिहून काढलं. ब्लॉक दिला, त्याच दुपारी व्यायाम सुरू. चार वेळा झालं. आज तो पूर्ण बरा नाही. मूठ पूर्ण वळत नाही, थंडीत दुखतं. पण झोपतो, डबा स्वतः उघडतो, पॅकिंगच्या कामाला लागलाय. सात महिन्यांऐवजी दोन महिन्यांत तिथे पोचला असता तर किती फरक पडला असता हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हात आखडायच्या आधी उपचार करणं सोपं, हे प्रत्येक फिजिओथेरपिस्ट सांगेल.

'नाटक करतोय' म्हणणाऱ्यांना एक सांगतो. सीआरपीएसचं निदान नुसत्या तक्रारीवर होत नाही. त्याचे ठरलेले निकष आहेत. पेशंटने सांगितलेली लक्षणं वेगळी आणि डॉक्टरने स्वतः तपासून पाहिलेल्या खुणा वेगळ्या, दोन्ही लागतात. निळा पडलेला, सुजलेला, गार हात कुणाला नाटकात आणता येत नाही.

कायदा बोटं मोजतो, दुखणं नाही

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली एक यादी होती. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट गेलं तर १२ टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. त्यात दुखणं नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यातही वेदना नावाचा प्रकार नाही. म्हणजे बोट गेलं आणि दुखत नाही त्याला टक्के आहेत. पाचही बोटं शाबूत, पण हात कामाचा राहिला नाही, तो मात्र शून्यावर येण्याची शक्यता.

पण यादीत नाही म्हणजे हक्कच नाही, असं समजू नका. यादीबाहेरच्या इजेसाठी त्याच कायद्यात तरतूद होती, की डॉक्टरने तपासून कमाईची क्षमता कायमची किती घटली ते ठरवायचं. ईएसआयमध्ये हे काम मेडिकल बोर्ड करतं, आणि बोर्डाचा निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. उपचार चालू आहेत आणि काम करता येत नाही तोवर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, पगाराच्या सुमारे ९० टक्के. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का कापला जातो तो याचसाठी. उपकार नाहीत ते.

गाडी अडते ती कागदावर. बोर्डासमोर 'दुखतं' हे तोंडी सांगून चालत नाही. निदान, खुणा, ब्लॉक दिल्याची नोंद, व्यायामाची नोंद लागते. पेन ओपीडी नसेल तर नुसता उपचार चुकत नाही, पुरावाही तयार होत नाही. माझ्या मते कामगाराचं खरं नुकसान इथे होतं.

मग करायचं काय?

पहिलं. प्रत्येक जिल्हा रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेज आणि ईएसआय रुग्णालयात आठवड्यातून एक अर्धा दिवस पेन ओपीडी. भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकाच दिवशी, शेजारच्या खोलीत. भूलतज्ज्ञ कमी आहेत, थिएटरच्या यादीतच त्यांचा दिवस जातो, हे मला मान्य आहे. म्हणून रोज मागत नाही, अर्धा दिवस मागतोय.

दुसरं. हाताची इजा किंवा फ्रॅक्चर झालेल्या प्रत्येकाला सहा आठवड्यांनी तीन प्रश्न विचारायचे. आग होते का? नुसत्या स्पर्शाने दुखतं का? हाताचा रंग, घाम किंवा सूज वेगळी आहे का? 'हो' आलं की थेट पेन ओपीडीची चिठ्ठी. हे काम नर्सही करू शकते. बहुतेकांचं दुखणं पहिल्या वर्षात कमी होतं, पण ज्यांचं होणार नाही ते यातूनच वेळेत सापडतील.

तिसरं. सरकारी योजनेत ब्लॉक आणि त्यानंतरची फिजिओथेरपी एकाच पॅकेजमध्ये धरा, सुटे सुटे नाही. तुकडे केले की पैसे टोचण्याला मिळतात, व्यायाम वाऱ्यावर.

चौथं, सोनोग्राफी मशीनचा प्रश्न. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, ते कुठे ठेवायचं यावर बंधनं आहेत. भूलतज्ज्ञांना नस बघायला मशीन हवं असलं तरी हेच नियम. कायदा बरोबर आहे, महाराष्ट्राने तो कडक राबवलाच पाहिजे. म्हणूनच सरकारी रुग्णालयाने ब्लॉकच्या खोलीसाठी एक मशीन रीतसर नोंदवून कायमचं तिथेच ठेवावं. कायदा सैल न करता हे होऊ शकतं.

पाचवं. मेडिकल बोर्डाच्या तपासणीच्या कागदात वेदनेसाठी वेगळा रकाना असावा आणि तो रिकामा सोडता येऊ नये.

आणि या सगळ्याच्या आधी, प्रेस मशीनला सेन्सर आणि गार्ड. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अपघातांवर अहवाल काढतेय, पुण्याचा पट्टाही त्यात आहे. पॉवर प्रेस हे बोटं जाण्याचं मोठं कारण म्हणून पुन्हा पुन्हा समोर येतं. इंजेक्शन कितीही चांगलं असलं तरी सेन्सर त्याहून स्वस्त.

घरोघरी लगेच करण्यासारखं

प्लास्टर असलं तरी डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर मोकळी बोटं हलवत राहा. हात गळ्यात बांधून महिनाभर लाडात ठेवू नका. पाला, आवळपट्टी, गरम शेक असलं मनाने काही करू नका. दुखणं वाढत असेल तर रोज एकाच प्रकाशात दोन्ही हातांचा शेजारी शेजारी फोटो काढा, तारीख दिसू द्या. डॉक्टरला 'दुखतं' एवढंच सांगू नका, 'आग होते, कपडा लागला तरी सहन होत नाही, रात्री झोप नाही' असं नेमकं सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. जुना एकही कागद फेकू नका.

शेवटी एक काम तुमच्याकडे. ससून असो, वायसीएम असो, ईएसआयचं रुग्णालय असो की तुमच्या तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय. जवळ असेल तिथे जाऊन केसपेपरच्या खिडकीवर एवढंच विचारा: 'जुन्या दुखण्याची, पेनची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते?' जे उत्तर मिळेल ते तारखेसह खाली लिहा. असेल तर गरजूंना पत्ता मिळेल. नसेल तर तीच यादी घेऊन आपण आमदारांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाऊ. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत आलेली उत्तरं मी एकत्र करून इथेच टाकतो.